रूममेट म्हणतो “आता बास झालं”, तर आज रात्री काय करायचं

तुझा मेसेज सकाळीच वाचला होता, पण ओपीडी संपेपर्यंत चार वाजले, म्हणून आत्ता लिहितेय. तू लिहिलंस ते थोडक्यात असं की सदाशिव पेठेत तिघं एका रूमवर राहता, सगळे एमपीएससीवाले, त्यातला एक २९ वर्षांचा, दोनदा मेन्सपर्यंत जाऊन आलेला आणि यावेळी प्रिलिमलाच उडाला. महिनाभर अभ्यासिकेत पाय टाकला नाही, मेसचा डबा तसाच पडून असतो, रात्री अडीच-तीनला फोन रूमवर टाकून एकटाच बाहेर जातो. परवा तुला म्हणाला “आता बास झालं यार, मी नसलो तर घरचे तरी सुटतील”, आणि काल नोट्सचा सगळा गठ्ठा एका ज्युनिअरला देऊन टाकला. तुझे प्रश्न दोन, थेट विचारलं तर त्याच्या डोक्यात नको ते भरेल का, आणि त्याला सरळ गावी पाठवून द्यावं का.

पुढचं वाचायच्या आधी एक. तू हे वाचतोयस तेव्हा तो रूमवर नसेल, फोन लागत नसेल, किंवा त्याच्याजवळ काही आहे अशी शंका असेल तर वाचत बसू नकोस, दोघं मिळून त्याच्याकडे जा आणि ११२ ला फोन लावा. काही केलंय असं दिसलं तर १०८, किंवा रिक्षात घालून सगळ्यात जवळचं हॉस्पिटल. मीठपाणी पाजणं, बोट घालून ओकारी काढणं असलं काही करायचं नाही, त्याने फायदा तर नाहीच उलट जास्त वाट लागते. “जरा बरं वाटतंय म्हणतो, सकाळी बघू” हेपण नाही.

आता तसं काही नाहीये, तो समोर कॉटवर पडून छताकडे बघतोय असं धरून लिहिते.

मी डॉक्टर नाही. मानसोपचार विभागात सोशल वर्कर म्हणून बावीस वर्षं झाली, पहिली नऊ मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात आणि मग पुण्यात. औषध मी लिहून देत नाही, माझं काम बोलायचं, खरं म्हणजे ऐकायचं. खाली पेशंटबद्दल जे काही लिहिलंय त्यात ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही, विचारल्याने डोक्यात भरत नाही. ज्याच्या डोक्यात आधीच नाही त्याला तुझ्या एका प्रश्नाने तो विचार चिकटत नाही, आणि ज्याच्या डोक्यात आहे तो महिनोनमहिने एकटाच ते ओझं घेऊन फिरतोय, त्याला कुणीतरी विचारलं की हायसं वाटतं. यावर बाहेर भरपूर अभ्यास झालाय आणि माझा रोजचा अनुभवही तोच आहे. विचारल्यावर मुलं रडतात, गप्प होतात, चिडतातसुद्धा, पण “तुम्ही विचारलंत म्हणून मला सुचलं” असं आजवर मला एकानेही सांगितलेलं नाही.

पण विचारायचं कसं हे मात्र शिकायला लागतं. माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट आहे, एक चाळिशीचा माणूस बायकोसोबत आला होता, कर्ज, झोप नाही, जेवण नाही. मी त्याला विचारलं, “काही वेडंवाकडं तर मनात येत नाही ना?” तो म्हणाला नाही मॅडम. मी कागदावर ‘नाही’ लिहून मोकळी झाले. माझ्या सीनियर मॅडम बाजूलाच बसल्या होत्या, त्यांनी खुर्ची जरा पुढे घेतली आणि त्याच माणसाला विचारलं, “इतका त्रास झाला की माणसाला वाटतं मरून जावं, जीव द्यावा. तुम्हाला वाटतं का?” तो दोन मिनिटं काही बोललाच नाही आणि मग म्हणाला, “रोज वाटतं.” नंतर मॅडमनी मला एवढंच सांगितलं, तू प्रश्न नाही विचारलास, तू त्याच्याकडून ‘नाही’ मागून घेतलंस. आपल्या मराठीत हे ‘नाही ना?’ फार घातक आहे बघ. आपल्याला उत्तर नको असतं तेव्हाच आपण तसं विचारतो आणि समोरच्याला ते बरोबर कळतं, मग तो आपली सोय बघतो. ‘वेडंवाकडं’, ‘नको ते’, ‘तसलं काही’ हे शब्दपण सोड. सरळ म्हण, “तू परवा म्हणालास मी नसलो तर घरचे सुटतील. ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. तुला जीव द्यावासा वाटतोय का?” एवढंच. आणि मग गप्प बस, ही गप्प बसायची जागा सगळ्यात अवघड असते, दहा सेकंद पण दहा मिनिटं वाटतात, तरी मध्ये काहीतरी बोलून ती भरू नकोस.

एक गंमत सांगते, म्हणजे गंमत म्हणावी का माहीत नाही. आमच्या भाषेत ‘अटेम्प्ट’ म्हणजे आधी जीव द्यायचा प्रयत्न केला होता का ते. एका तुझ्यासारख्याच मुलाला मी सवयीने विचारलं, आधी कधी अटेम्प्ट? तो म्हणाला, “चार, मॅडम. दोनदा मेन्स लिहिली.” मला कळेपर्यंत त्याला कळलं आणि आम्ही दोघंही हसलो, तो महिनाभरात पहिल्यांदा हसला असं त्याचा भाऊ म्हणाला. तेव्हापासून पेठेतल्या मुलांना मी शुद्ध मराठीत विचारते.

समजा तो ‘हो’ म्हणाला. मग काय? तू घाबरणार हे नक्की, आणि घाबरलेला माणूस लगेच समजवायला लागतो. आईबाबांचा विचार कर, असं कसं बोलतोस, एवढ्याशा परीक्षेसाठी, वय ३८ पर्यंत चान्स आहे, अमुक बघ सहाव्या वेळी डेप्युटी कलेक्टर झाला. हे सगळं तू प्रेमानेच म्हणशील, पण त्याच्या कानावर काय पडतं ते सांगते. ‘आईबाबांचा विचार कर’ याच्यावर तर मी बंदीच घालीन. अरे तो त्यांचाच विचार करतोय! माझ्याकडे एक मुलगा आला होता, दोन एकरवाल्याचा, त्याच्या खिशात एक छोटी वही होती. त्यात पाच वर्षांत वडिलांनी पाठवलेल्या प्रत्येक पैशाची नोंद, रूमभाडं, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, एकदा चष्मा, आणि शेवटी टोटल. त्याच्या दृष्टीने हिशोब साधा होता, मी म्हणजे घरावरचा खर्च, तो बंद केला की घर सुटलं. तुझा मित्र जे म्हणाला ते हुबेहूब हेच आहे. अशा माणसाला आईबाबांची आठवण करून दिली की त्या टोटलमध्ये अजून एक आकडा वाढतो, बाकी काही होत नाही. त्या मुलाशी मी वाद घातला नाही, वही मागितली, पानं उलटून बघितली आणि विचारलं, “हे रोज रात्री लिहितोस? एकटाच?” मग तो बोलायला लागला, दीड तास.

तुलाही तेवढंच करायचंय. “किती दिवस झाले असं वाटतंय?” “आज जास्त आहे का कालपेक्षा?” “रात्री बाहेर जातोस तेव्हा काय चालू असतं डोक्यात?” उपाय सांगायचे नाहीत, त्याच्या बोलण्यातला शेवटचा शब्द धरून पुढे विचारायचं, आणि “मला सांगितलंस ते बरं केलंस, मी इथेच आहे” हे एकदा तरी तोंडाने म्हणायचं, आपल्या मुलांना असलं बोलायला फार लाज वाटते पण म्हण.

आणि मग अजून दोन-तीन गोष्टी विचारायच्याच आहेत, त्या टाळू नकोस. कसं करायचं ते ठरवलंय का, त्याची काही तयारी केलीय का, कधी करायचं असं काही डोक्यात आहे का, आणि आधी कधी प्रयत्न केला होता का. याच्यावरून कळतं की पाणी कुठपर्यंत आलंय. ‘झोपेतून उठलोच नाही तर बरं’ असं वाटणारे खूप जण असतात, तेही दुखणंच आहे, डॉक्टरकडे न्यायचंच, पण आठवड्याभरात. ठरवलंय, जवळ आणून ठेवलंय, दिवस ठरवलाय, किंवा आधी एकदा केलंय, यातलं काहीही असेल तर त्याला एक मिनिट एकटं सोडायचं नाही आणि आजच हॉस्पिटल. दारू घेत असेल तर अजून सावध, दोन पेग पोटात गेले की मधला ब्रेक निघून जातो. नोट्स देऊन टाकण्याबद्दल तू घाबरलायस, ते बरोबरच आहे, पण पेठेत तयारी सोडून जाणारा प्रत्येक जण नोट्स वाटून जातो हेही खरं. म्हणून अंदाज नको लावूस, विचार की नोट्स का दिल्यास. आणि इतके दिवस पडलेला माणूस अचानक एकदम शांत, हलका, हसतमुख झाला तर “चला सुटलो” म्हणू नकोस. कधीकधी ते ठरवून टाकल्याचं हलकेपण असतं. तेव्हाही विचारायचंच.

तो म्हणेल, “कुणाला सांगू नकोस, शपथ घे.” शपथ घ्यायची नाही. मैत्री तुटेल वाटतं ना? सरळ सांग, “बाकीचं सगळं माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जिवाचा प्रश्न असेल तर मी एकट्याने नाही सांभाळू शकत, कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.” चिडेल, बोलणार नाही दोन दिवस. चालेल. अशी चिडलेली माणसं सहा महिन्यांनी पेढे घेऊन येतात, मी बघितलीत. त्याच्या पाठीमागे गुपचूप फोन करण्यापेक्षा त्याला सांगून करणं कधीही बरं, फक्त तो ऐकतच नसेल आणि धोका समोर दिसत असेल तर त्याच्या परवानगीची वाट बघायची नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, गावी पाठवायचं का. हा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण सगळे हाच सल्ला देतात, हवापालट होईल, आईच्या हातचं खाईल. बऱ्याचदा बरोबरही असतं. पण मी नऊ वर्षं त्या दुसऱ्या टोकाला बसले होते, जिथे ही मुलं परत येतात तिथे. एसटीतून एकटा पाठवलेला मुलगा, घरी कुणाला काहीच माहीत नाही, बाप विचारतो मध्येच कसा आलास, शेजारी विचारतात निकाल काय लागला, दिवसभर घरात एकटा कारण सगळे रानात, आणि घरात एका कोपऱ्यात फवारणीचं सामान. पुण्यातल्या रूमपेक्षा ते घर त्या आठवड्यात जास्त धोक्याचं असू शकतं. म्हणून गावी पाठवायचं तर तीन अटी. तो एकटा जाणार नाही. घरी किमान एका शहाण्या माणसाला पूर्ण खरं माहीत असेल. आणि तो पोचायच्या आधी फवारणीचं औषध घरातून, गोठ्यातून, शेतातल्या खोपीतून निघून दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं असेल, कुलूप लावून आणि किल्ली भलत्याच माणसाकडे.

हे कुलूप-किल्लीचं लोकांना पटत नाही. “ज्याला करायचंच आहे तो काहीही करेल” हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय, आणि ते चूक आहे. ती टोकाची वेळ लाटेसारखी येते आणि ओसरते, काही मिनिटं, काही तास. त्या वेळात हाताशी काही नसलं तर बहुतेक जण दुसरं शोधत बसत नाहीत, लाट ओसरते आणि माणूस राहतो. श्रीलंकेचं उदाहरण आमच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये देतात, १९९५ च्या आसपास तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जगात वरच्या नंबरला होतं, सरकारने सगळ्यात जहाल कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि पुढच्या वीसेक वर्षांत प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. लोकांची दुःखं काही ७० टक्के कमी झाली नव्हती, शेतीचं उत्पन्नही पडलं नाही. तेव्हा तुमच्या रूममध्ये, त्याने जे काही सांगितलं असेल ते, आणि नसेल सांगितलं तरी गोळ्यांचा साठा, दारू, हे सगळं आज हलवा. त्याला सांगून हलवा, “हे माझ्याकडे ठेवतोय, महिनाभर.” बहुतेक जण आश्चर्य वाटेल इतक्या सहज देऊन टाकतात.

घरी फोन कुणाला? वडिलांना आधी नको, म्हणजे वडील वाईट असतात म्हणून नाही, तर बऱ्याच घरात वडील घाबरले की ओरडतात. तुझ्या मित्राची मोठी बहीण, मामा, चुलता, दाजी, कुणीतरी असेल ज्याच्याशी तो फोनवर पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलतो, त्याच्याकडूनच नाव काढून घे. आणि आई घरी एकटी असताना संध्याकाळी फोन करून “तुमचा मुलगा जीव देणार म्हणतोय” असं टाकू नकोस बाबा, ती माऊली काय करेल तिथे? बहिणीला सांगायचं ते असं, “ताई, तो खूप दिवस आजारी आहे, मनाने. मरायचे विचार येतायत असं त्याने मला सांगितलंय. आत्ता तो माझ्यासोबत आहे, सेफ आहे. आम्ही त्याला डॉक्टरकडे नेतोय, तुम्ही किंवा दाजी उद्यापर्यंत येऊ शकाल का? आणि आल्यावर परीक्षेचा विषय काढू नका.” या क्रमाने. आधी सेफ आहे ते कळू दे, मग बाकीचं.

डॉक्टरचं. इथे मुलं काउन्सेलर की सायकिॲट्रिस्ट यात अडकतात. मरायचे विचार आहेत, महिनाभर झोप-जेवण गेलंय, म्हणजे आधी मानसोपचारतज्ज्ञ, औषध देणारा डॉक्टर. बोलायचं काम, आमच्यासारख्यांचं, त्याच्या जोडीने. पैसे हा मुद्दा असेल, असणारच, तर ससूनला मानसोपचार ओपीडी आहे, केसपेपर काढून सकाळी लवकर जा, गर्दी असते, डबा सोबत ने. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, गावी गेला तरी औषध तिथून चालू राहतं. आणि आज रात्री अकरा वाजता काय? १४४१६, टेलिमानस, केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. फोन पेशंटनेच करायला पाहिजे असं काही नाही, तू “माझा मित्र असं बोलतोय” म्हणून केलास तरी चालतं. लाईन एकदा नाही लागली तर परत लाव.

औषधाबद्दल दोन गोष्टी. ती क्रोसिनसारखी नाहीत, मन उचलायला साधारण दोन ते चार आठवडे घेतात, म्हणून पाचव्या दिवशी “काही फरक नाही” म्हणून बंद करायची नाहीत. आणि गंमत अशी की कधीकधी अंगातली ताकद आधी परत येते, मनातला अंधार नंतर जातो, म्हणजे पहिले काही आठवडे उलट लक्ष जास्त ठेवायचं. गोळ्यांची पूर्ण महिन्याची स्ट्रिप त्याच्या हातात नको, तुझ्याकडे किंवा बहिणीकडे, रोजची रोज. दवाखान्यात भरती केलं असेल तर घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात हे घरच्यांना कुणी सांगतच नाही, त्यांना वाटतं डिस्चार्ज म्हणजे बरा झाला.

तुम्हा मुलांच्या मनात अजून एक भीती असते जी तू लिहिली नाहीस पण मी ओळखते. पोलिस केस होईल आणि मग पोस्ट निघाल्यावर व्हेरिफिकेशनला अडकेल. आधी हे समज की विचार येणं, डॉक्टरकडे जाणं, औषध घेणं हा कधीच गुन्हा नव्हता, ओपीडीचा कागद पोलिसांकडे जात नाही आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक केलंय. प्रयत्न केल्यावर जुन्या भादंविचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं, कलम ३०९ लागायचं, पण हा २०१७ चा कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला तेव्हापासून कलम ११५ प्रमाणे असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, शिक्षा नाही, उलट सरकारने त्याला उपचार द्यायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते ३०९ ठेवलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणायला कुणी असं केलं तर वेगळं कलम आहे, त्याचा तुमच्याशी संबंध नाही. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं आणि हवालदार जबाब घेऊन जातो, ती पद्धत आहे, तिला घाबरून उपचार लांबवायचे नाहीत. मी अशी केस बघितलीय जिथे घरच्यांनी नुसत्या या भीतीने चार तास घालवले. जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी, तो जरा बोलायच्या मूडमध्ये असेल तेव्हा, एक कागद करायचा. आम्ही त्याला सेफ्टी प्लॅन म्हणतो पण तू उत्तरपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर केलास तरी चालेल, फक्त त्याच्या अक्षरात पाहिजे, तुझ्या नाही. विचार यायला लागले हे त्याला कशावरून कळतं, एकाने लिहिलं होतं ‘ग्रुपवर निकालाची पीडीएफ आली की’, एकाने ‘रविवारी घरून फोन येऊन गेल्यावर’. मग तेव्हा एकट्याने काय करता येतं, आंघोळ, चहाला खाली जाणं, कुत्र्याला बिस्कीट घालणं, काहीही चालतं, हसायचं नाही. मग कुणाजवळ नुसतं जाऊन बसता येतं, मग कुणाला खरं सांगता येतं, दोन नावं नंबरासकट, मग डॉक्टर आणि १४४१६. शेवटी खोलीतून काय हलवलंय ते. फोटो काढून त्याच्या फोनमध्ये आणि तुमच्या दोघांच्याही. ‘मी असं करणार नाही’ असं वचन लिहून घेणं मात्र नको, त्याचा काही उपयोग होत नाही, उलट पुढच्या वेळी तो सांगायचा बंद होतो.

बोलता बोलता एक बघून घे, त्याने कुठल्या लोन ॲपवरून पैसे घेतलेत का. मुलं परीक्षेचं सांगतात आणि खाली हे असतं, दहा हजाराचं कर्ज आणि कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या सगळ्यांना घाणेरडे फोटो पाठवायच्या धमक्या. असेल तर १९३० वर सायबरची तक्रार करता येते, स्क्रीनशॉट ठेवा, पैसे भरत बसू नका. प्रेमप्रकरण, घरातलं भांडण, आजार, हेही असू शकतं. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यातल्या २२,७४६ आपल्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त, आणि कारणांच्या यादीत सगळ्यात वर कौटुंबिक अडचणी आणि आजारपण आहे. तेही पोलिसांनी लिहिलेलं एकच कारण, प्रत्यक्षात कधीच एक नसतं. तर ‘एमपीएससीमुळे’ असं तूच ठरवून टाकू नकोस.

आणि तू. तुझी मेन्स आहे असं लिहिलंयस. तुम्ही रूमवर दोघं आहात तर पाळ्या लावा, एक जण अभ्यासिकेत तर एक रूमवर, तिसरा कुणी विश्वासाचा मिळाला तर घ्या, बहीण आली की तिच्या हवाली करून एक रात्र दुसरीकडे जाऊन झोप. तू त्याचा मित्र आहेस, वॉर्डबॉय नाहीस. हे सगळं करूनही कधीकधी माणूस हातातून जातो, माझेही गेलेत, त्यांची नावं मला पाठ आहेत. तेव्हा घरचे, मित्र स्वतःला दोष देत माझ्यासमोर बसतात आणि मी त्यांना सांगते ते तुलाही आधीच सांगून ठेवते, तू विचारायचं, सोबत राहायचं, डॉक्टरपर्यंत पोचवायचं, एवढंच तुझ्या हातात आहे, त्याचं मन तुझ्या हातात नाही.

आज रात्रीचं एवढं कर. मेसच्या काकूंना सांग दोन डबे रूमवर पाहिजेत, त्याच्यासमोर बसून तू आधी जेवायला लाग, तो चार घास खाईल. मग म्हण चल टिळक रोडपर्यंत चालून येऊ, चालताना विचार, समोरासमोर बसून विचारण्यापेक्षा शेजारी चालताना मुलं लवकर बोलतात, डोळ्यात बघावं लागत नाही ना. त्याचं उत्तर काहीही आलं तरी आज तुझी गादी दाराजवळ घाल. मी साडेअकरापर्यंत जागी असते, विचारून झालं की मेसेज टाक, त्यानंतर लागलं तर १४४१६. उद्या सकाळी ससूनला जाणार असाल तर आठच्या आत निघा आणि त्याचं आधार कार्ड विसरू नका.